अर्ध्या काठीची किंमत

मी नोकरीत नेमकं काय करत होतो हे माझ्या सोयऱ्याधायऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. लग्नकार्यात कोणी विचारलं की "खेळाच्या दुकानात आहे" एवढं सांगून मी पंगतीकडे वळायचो. बॅडमिंटनच्या जाळ्या विणणं, फुटबॉलची शिवण घालणं, हॉकीच्या काठीला दोरा गुंडाळणं ही कामं सांगण्यासारखी होती, आणि तीही मी केली. पण ज्या कामासाठी जबलपूर-कलकत्त्याहून माणसं माझं नाव विचारत यायची, ते पंगतीत उभ्या उभ्या समजावून सांगण्याजोगं नव्हतं. मासे पकडायच्या जुन्या विलायती काठ्यांना त्यांच्या जोगती दोरी शोधून द्यायची आणि त्या काठ्यांची किंमत ठरवायची, हे ते काम.

या अंकासाठी लिहा असं संपादकांनी सांगितलं तेव्हा खरं म्हणजे मला कंटाळाच आला. जे सांगून सांगून जीभ झिजली तेच पुन्हा कागदावर सांगायचं. पण आता गिऱ्हाईक नाही, दुकानही नाही आणि सुईत दोरा ओवायला नातीला हाक मारावी लागते. तेव्हा सांगून मोकळा होतो.

आमचं घर कोष्ट्यांचं. नागपूरच्या पाचपावलीत आमचा माग होता आणि त्यावर रेशीमकाठी लुगडी निघत. मी कळता होईतो मागाचा जोर सरला होता. "याच्यात आता जीव नाही राह्यला गा, तू दुसरं काही पाह्य," असं वडील एक दिवस म्हणाले आणि मी सदरमधल्या एका पारशी शेटजींच्या दुकानात लागलो. शेटजींनी मला घेतलं ते फक्त बोटांसाठी. काठीवर जागोजागी रेशमाचा दोरा गुंडाळावा लागतो. तो एकाला एक लागून बसला पाहिजे आणि गाठ तर दिसताच कामा नये. कोष्ट्याच्या पोराला हे शिकवावं लागत नाही.

साहेब लोक देश सोडून गेले तेव्हा त्यांचे ग्रामोफोन आणि लोखंडी पलंग मागे राहिले, तशा या काठ्याही राहिल्या. कोणी खानसाम्याला दिली, कोणी आपल्या हेडक्लार्कला, कोणी बंगल्याच्या माळ्यावर विसरून गेला. नागपूर तेव्हा मध्यप्रांताची राजधानी, त्यामुळे साहेबांची दाटी. आणि पेंच-कन्हानमध्ये महाशीर मासा भरपूर. मी कामाला लागलो तेव्हा, म्हणजे साठ सालाच्या पुढेमागे, त्या काठ्या माळ्यांवरून खाली उतरायला लागल्या होत्या. ज्यांना मिळाल्या होत्या ते म्हातारे झाले होते किंवा गेले होते, आणि त्यांची मुलं त्या घेऊन आमच्या दुकानात येत होती.

साधा गळ तुम्ही पाहिला असेल. दोरीला शिशाचा तुकडा बांधलेला असतो. तो भिरकावला की दोरी त्याच्या मागे जाते. या काठीचं सगळं उलट. हिच्या गळाला पिसं बांधून माशी केलेली असते आणि तिला वजन म्हणून नसतं, फुंकर मारली तरी उडेल. मग फेकायचं काय? तर दोरीच. वजन दोरीतच असतं. ती हवेत मागे-पुढे झुलवायची. काठी वाकते, मग सरळ होते आणि दोरीला पुढे लोटते. दोरी हलकी पडली तर काठी वाकतच नाही, आपला हात नुसता हवेत फिरत राहतो. जड पडली तर काठी मरगळते आणि एखाद दिवशी कडकन मोडते. म्हणून कोणत्या काठीला कोणती दोरी हे कळलं पाहिजे, आणि जुन्या काठ्यांवर ते लिहिलेलं नसतं.

काठी बांबूची, पण सरळ तोडून आणलेल्या बांबूची नव्हे. बांबू उभा चिरून त्याच्या तिकोनी कांबी काढतात आणि अशा सहा कांबी सरसाने चिकटवून सहा पैलूंची काठी करतात. सांधा इतका बारीक की नखाला लागत नाही. तिचे तुकडे तीन: मुठीचा बुंधा, मधला आणि शेंडा. शेंडा नाजूक असतो म्हणून बनवणारा जास्तीचा एक शेंडा द्यायचा. तुकडे जोडायला धातूच्या नळ्या असतात, एक नर, एक मादी, एकमेकींसाठीच घासून बसवलेल्या. जोड ओढून काढताना बाटलीच्या बुचासारखा आवाज आला की समजायचं, काठी अजून धडधाकट आहे.

कामठीला एक निवृत्त मेजर राहत. माझ्या गिऱ्हाइकांत कामाचे असे तेच. दोरी फेकण्यात ते माझे गुरू; मी बोटांनी ओळखायचो ते त्यांना मनगटाने कळायचं. एकदा त्यांच्या पुतण्याने विलायतेहून नव्या तऱ्हेची दोरी पाठवली. वरून प्लास्टिकचं आवरण, भिजायची नाही, वाळवायची नाही, चरबी चोळायची नाही. मेजर खूश होऊन आले, पण अडले ते एका ठिकाणी.

"वासुदेव, हिच्यावर नंबर आहे. माझ्या काठीवर कुठं आहे नंबर?"

नंबर नव्हता, आणि असणारही नव्हता. जुन्या रेशमी दोऱ्या जाडीवरून अक्षरांनी ओळखत. नव्या दोऱ्या वजनावरून आकड्यांनी. आणि रेशीम बारीक असून जड, प्लास्टिक जाड असून हलकं. शेजारी शेजारी धरून जाडी जुळवायला जाल तर फसाल. मी मेजरांची जुनी रेशमी दोरी घेतली, नव्या दोरीचा नंबर पुढच्या तीस फुटांच्या वजनावर ठरतो म्हणून तिचाही पुढचा तेवढाच भाग मोजून वेगळा केला आणि इतवारीत ओळखीच्या सराफाकडे गेलो. सोनं तोलायच्या तराजूत दोरीचं वेटोळं ठेवलेलं पाहून सराफ म्हणाला, "वासुभाऊ, सूत तोलून राहिले काय तुम्ही? दुकान बंद कराची पाळी आली का आमच्यावर?" पण वजन कळलं, आणि वजनावरून नंबर कळला. तेव्हापासून जी काठी येई तिच्यासोबतची जुनी दोरी मी आधी सराफाकडे नेत असे. दोरी नसली तर मात्र मैदानावर जाऊन वेगवेगळ्या दोऱ्या फेकून पाहण्यावाचून इलाज नव्हता. मी गवतात उभा, दोरीच्या टोकाला लोकरीचा गुंडा, आणि बाजूला गाई चरताहेत. जाणारे-येणारे सायकलवरून उतरून पाहायचे. गवतात मासे पकडणारा माणूस म्हणून सदरमध्ये माझी बरीच वर्षं ओळख होती.

हे काम मला आवडायचं. थकवलं ते किंमत सांगण्याने.

जुनी वस्तू घेऊन येणाऱ्या माणसाने वाटेतच तिचे पैसे खर्च करून टाकलेले असतात. तो माझ्याकडे किंमत विचारायला येत नाही, ठरलेल्या किमतीला मान डोलवायला सांगायला येतो. आणि मी त्यांच्यातल्या बहुतेकांना नाही म्हणायचो. शेंडा मोडून तासलेला आहे, नाही. नळी ढिली आहे, नाही. काठी उन्हात भिंतीला टेकवून ठेवली होती, कायमचा बाक आला आहे, नाही. एका गृहस्थांनी आणलेली काठी मुळात काठीच नव्हती, बंदुकीची नळी साफ करायचा गज होता तो. ते ऐकून न घेता म्हणाले, "आमच्या आजोबांनी याच्यावर मासे मारले आहेत." मारले असतील बापडे, डोक्यात घालून. एका लाकडाच्या व्यापाऱ्याने तर अस्सल, उत्तम काठी चांगली किंमत यावी म्हणून सोनेरी ऑइलपेंटने रंगवून आणली. खालचं मूळ वॉर्निश, बनवणाऱ्याची शाईतली सही, सगळं सोन्यात बुडालेलं. किती लागेल हे विचारताना त्याचा चेहरा इतका आनंदी होता की मी आधी पाणी मागवलं, त्याला नव्हे, मला.

जी काठी खरी निघायची ती गावात राहायची नाही. चहामळ्यातले, मुंबईचे कोणीतरी येऊन घेऊन जायचे. माझ्या हातांनी नीट करून, दोरी जुळवून, पिशवीत भरून मी एकेक चांगली काठी नागपुराबाहेर जाताना पाहिली. त्याचं आता वाईट वाटतं. एक तरी ठेवून घ्यायला हवी होती. पण ठेवून करायचं काय, पेंचेवर धरण आलं आणि मेजरांनीही पुढे पुढे नदीवर जाणं सोडलं.

अशाच एका थकल्या दुपारी सावनेरहून मनोहर नावाचा माणूस आला. कोळसा खाणीच्या ऑफिसात कारकून होता. त्याने वर्तमानपत्राचं लांबट पुडकं गल्ल्यापुढे सोडलं. आत मुठीचा बुंधा आणि एक शेंडा. इतका सरळ, इतका स्वच्छ शेंडा मी फार दिवसांत पाहिला नव्हता. सोबत रेशमी दोरीचं एक वेटोळं.

"मधला तुकडा कुठे आहे?" मी विचारलं.

"दादाकडं."

"आणि दुसरा शेंडा?"

"तोही दादाकडंच. वाटनी झाली न आमची."

हळूहळू समजलं ते असं. त्यांचे वडील जंगल खात्यात हेडक्लार्क होते. साहेबाने जाताना त्यांना काठी दिली आणि वापरायलाही शिकवलं. रामटेकजवळच्या तलावावर ते रविवारी जात. ते गेल्यावर दोन मुलांमध्ये घरावरून बिनसलं आणि मग चमच्यापासून पाटापर्यंत सगळं मोजून वाटायची वेळ आली. वाटणीला मामा बसले होते. त्यांनी काठी उलगडून पाहिली, तुकडे चार निघाले, भाऊ दोन. मामांनी दोघांना दोन दोन तुकडे दिले. वर दोरीही मधोमध कापून दिली.

मला हसू आलं, पण ते दोरीचं. या दोऱ्या दोन्ही टोकांना निमुळत्या आणि मध्ये जाड असतात. मधोमध कापली की दोन्ही अर्धुकं कामाची राहतात. शौकीन लोक काटकसर म्हणून मुद्दाम तसं करतात. मामांच्या हातून एवढी एक वाटणी बरोबर झाली होती. काठीचं मात्र पायजम्याचा एकेक पाय वाटून घेतल्यासारखं झालं होतं.

"अर्ध्या काठीला किंमत नसते," मी म्हणालो. "दादांकडून बाकीचे तुकडे आणा. जोडून पाहतो, मग सांगतो."

"आमचं बोलनं नाही," तो म्हणाला. आमच्याकडे नळाला पाणी नाही, असं सांगावं तसं.

मी त्याच्या अर्ध्या दोरीचं वजन करून आणलं. हलकी दोरी होती, म्हणजे काठी हलकी, आणि मेजर नेमकी अशीच हलकी काठी कधीपासून शोधत होते. मनोहरला मी तेही सांगितलं. पुरी काठी असेल तर घेणारा माणूस तयार आहे, आणि दर्दी माणूस आहे. त्याने पुडकं पुन्हा बांधलं आणि गेला.

काही दिवसांनी एक म्हाताऱ्या बाई दुकानाच्या पायऱ्या चढून आल्या. दम जाईपर्यंत स्टुलावर बसून राहिल्या, मग म्हणाल्या, "सावनेरचा मनोहर माह्या लहाना. मी मोठ्याकडं राहतो, इथंच नागपुरात. तुम्ही त्याले सांगतलं म्हने, का काठी पुरी झाल्याशिवाय किंमत नाही."

"हो, आई. खरंच नाही."

"मंग मोठ्यालेही तसंच सांगा. माहं तो आयकत नाही, दुकानदाराचं आयकन."

"तुम्हाला विकायची आहे का?"

"मले काठीचं काय करा लागते, भाऊ." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "दोघं एका जागी उभे राहिले पाह्यजे. दिवाळीले एक आला त दुसरा येत नाही. नातवाच्या बारशाले आला नाही. मी मेल्यावर खांदा द्याले येतीन दोघंही, मले मालूम आहे. पन तवा मले कुठं दिसनार आहे?"

किंमत विचारायला आलेल्या माणसाला नाही म्हणायची मला सवय होती. या बाईंना नाही कसं म्हणायचं ते मला आलं नाही. मी मोठ्या भावाला, श्रीधरला, निरोप धाडला. तो रेल्वेच्या ऑफिसात होता. शनिवारी दुपारी तुमचे तुकडे घेऊन या, धाकट्यालाही बोलावलं आहे, काठी जोडून एकदा पाहू, असा साधा निरोप. येईल असं मला वाटलं नव्हतं.

तो आला, आईला रिक्षात घालून. मनोहर आधीच आलेला होता. आई आत आल्या नाहीत. दम लागला म्हणून बाहेर बाकावर बसल्या, आणि मी पाणी द्यायला गेलो तेव्हा हळूच म्हणाल्या, "मी आत असली का दोघं माह्यासंगच बोलतीन. मी इथंच बरी."

आत दोघे भाऊ टेबलाच्या दोन टोकांना उभे होते. तोंडवळा एकच, टक्कलही एकाच जागी पडायला लागलेलं. बोलणं सगळं माझ्यामार्फत.

"यायले विचारा भाऊ, काठीची पिशवी कुठं गेली," मनोहर म्हणाला.

"त्याईले सांगा, पिशवी मामानं ठेवून घेतली," श्रीधर म्हणाला.

मी मध्ये बसून दोघांकडे बघत मान हलवली. मग श्रीधरने आणलेलं बासन सोडलं. जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं होतं. शेंडा ठीक निघाला. मधल्या तुकड्याला हात लागला आणि डोळ्यांआधी बोटांना कळलं. सांधे उकलले होते. उन्हाळ्यात जुन्या दाराची फळी फाकते तशा कांबी एकमेकींपासून सुटल्या होत्या, एक तर वळून बाहेर आली होती. वरचं वॉर्निश पांढरट पडलं होतं आणि हाताला तेलकट लागत होतं.

अशा काठ्या मी आधी पाहिल्या होत्या. या जुन्या काठ्या सरसाने चिकटवलेल्या असतात. थंड पाण्याला वॉर्निश अडवतं. या काठ्या जन्मभर नदीवर भिजतच असतात, पावसाने त्यांचं काही बिघडत नाही. पण कढत पाणी लागलं की आतला सरस सुटतो, आणि पुन्हा पुन्हा लागलं की कांबी मोकळ्या होतात, वाकतात, मग त्या कोणाच्याही हाताने परत बसत नाहीत.

मी हे नेहमीसारखं, सपाट आवाजात सांगून टाकलं. "हिला गरम पाणी लागलं आहे. एकदा नाही, पुष्कळदा. आता ही जुळायची नाही."

मनोहरच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पुष्कळ वाटण्यांमध्ये पाहिलं आहे. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते हाती लागल्याचं समाधान होतं ते. आवाज चढवून तो मला म्हणाला, "यायले विचारा भाऊ. बाबाची काठी हे गरम पान्यात काहून बुडवत होते? मी पेपरात गुंडाळून ठेवली. पोरायले हात लावू देला नाही. यायले विचारा न."

श्रीधर तुकड्याच्या वरच्या नळीकडे बघत होता. मीही बघितलं. नळीच्या आत, कडेकडेने, कुंकू बसलेलं होतं. मनोहरने माझ्या हातून तुकडा ओढून घेतला, नळीत बोट घातलं, आणि लाल झालेलं बोट बघत राहिला.

आवाज ऐकून आई आत आल्या. दोघे बोलायला लागले असं त्यांना वाटलं असावं, कारण चेहरा उजळलेला होता. स्टुलावर बसल्या आणि मनोहरच्या हातातल्या तुकड्याकडे बोट करून मला म्हणाल्या, "पाह्यली का भाऊ? श्रीधरची गॅलरी लहान आहे, लांब बांबू मावत नाही तिथं. म्हून गुढीले मी हेच घेतो. दर पाडव्याले तेल लावतो, कढत पान्यानं आंघोय घालतो, मंग लुगडं नेसवतो. ते होते तवा त्याईच्या काठीले कोनाले हात लावू देत नव्हते. आता वर्साचा एक दिवस तरी माह्या हातची आंघोय."

मी हातातला रुमाल टेबलावर नीट पसरत बसलो. मी किंमत सांगताना शब्द तोलून बोलणारा माणूस, पण जे बोलायचं ते मी आधीच बोलून बसलो होतो, आणि त्या तेव्हा बाहेर होत्या म्हणून वाचलो.

आईंनी पुढे वाकून तुकडा पाहिला. "हे उकललं काहून गा?"

मी तोंड उघडायच्या आत श्रीधर म्हणाला, "पाऊस लागला, आई. माह्यानं गॅलरीत राहिली एकडाव."

"एकडाव?"

"दोनतीनदा राहिली असन."

"एक काठी तुह्यानं जपवली नाही," आई म्हणाल्या. खरोखर चिडल्या होत्या. "मनोहरची पाह्य कशी आहे. नवीनवानी. तुले मी देली होती ठेवाले, त तू पावसात टाकून देली?"

श्रीधर खाली मान घालून ऐकत होता. मनोहरने खिशातून रुमाल काढला. बोटावरचं कुंकू पुसलं, पुन्हा पुसलं, आणि रुमाल घडी करून खिशात ठेवला. मी त्याच्याकडे पाहत नव्हतो, कारण आता तो काय बोलणार ते मला ठाऊक होतं. इतकी वर्षं जे बोलायचं ठरवून ठेवलं ते बोलायची याहून चांगली वेळ त्याला मिळणार नव्हती.

"त्याले काहून बोलतं वं आई," तो म्हणाला. "त्या बाजूनं पाऊस आडवाच येते. दादानं त काय करावं?"

श्रीधरने मान वर केली. धाकट्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "तुह्याकडं नाही येत का आडवा?"

"येते न. खानीकडून येते. खिडकी लावली तरी आत येते."

"पत्रा लाव मंग वरतून."

"पत्र्याचा आवाज लय होते, दादा. पोट्टे झोपत नाहीत."

"आतून पोतं लावाचं. मी लावलं आहे, काही आवाज होत नाही."

"कशानं लावलं?"

दिवाळी होऊन गेली होती. बाहेर आभाळ स्वच्छ होतं, पाऊस जाऊन कितीतरी दिवस झाले होते. आणि हे दोघे बाप्ये गडी माझ्या टेबलापाशी उभे राहून पावसाबद्दल, पत्र्याबद्दल, पोत्याला खिळे मारावेत की तार बांधावी याबद्दल बोलत होते. थांबायची दोघांनाही भीती वाटत असावी. मी चष्मा पुसायला घेतला.

आई त्यांच्याकडे बघत नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"भाऊ, तुम्हाले त मालूम असते. पाऊसच लागला का हिले?"

"पाऊसच, आई."

"मंग आता किंमत?"

"काही नाही."

"दोन्हीकडचे मिळून बी?"

"मिळूनसुद्धा काही नाही."

भाऊ बोलायचे थांबले होते. आईंनी लुगड्याचा तुकडा उचलला, मांडीवर घेतला, त्याची सावकाश घडी घातली. मग दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "आता वाटाले काही राहिलं नाही."